वळूची पारख

एकदा एका गावावर वैशाखातले ऊन असे उतरले होते, की वारा पडलेला, आभाळ पांढरे झालेले, अन् गुरांच्या पाठीवर हात ठेववत नव्हता. त्याच दिवशी गावचा वळू निवडायचा होता. सगळ्या गोऱ्ह्यांतला एकच वळू म्हणून राखायचा आणि बाकीच्यांचे बैल करायचे, ही तिथली जुनी रीत. निवड करायची एका वृद्ध गुराख्याने.

त्याच्यापाशी चार वर्षे गुरांची विद्या शिकणाऱ्या शिष्याचाही एक गोऱ्हा होता. पांढराशुभ्र, रुंद छातीचा. शिष्याने त्याला स्वतःच्या वाटचे दूध पाजून वाढवले होते. आपलाच गोऱ्हा निवडला जावा, याखेरीज त्याच्या मनात दुसरे काही नव्हते.

वृद्ध आला तो लिंबाखाली बांधलेल्या गोऱ्ह्यांकडे न बघताच पुढे गेला. माळावर गाई होत्या, तिथे उन्हात जाऊन बसला. दुपारभर बसला.

"म्हाताऱ्याला ऊन लागलं वाटतं. वळू गाईंत शोधतोय," कोणी म्हणाले. लोक हसले.

उन्हे कलली तसा तो उठला, अन् शिष्याच्या शेजारणीच्या एका लहानखुऱ्या, मातकट गोऱ्ह्याच्या पाठीवर त्याने हात ठेवला.

शिष्याचा चेहरा उतरला. "बाबा, माझ्या गोऱ्ह्यात काय खोट निघाली?"

"खोट नाही रे. देखणा आहे तो. पण ते देखणेपण तुझ्या हातचं, दुधाचं, पेंडीचं. ते त्याच्या वासरांत उतरायचं नाही. उतरायचं ते त्याच्या आईचं. तुझी गाय ऊन चढताच सावलीला गेली, ती अजून उठली नाही. या शेजारणीची मोरी गाय दुपारभर वाळक्या काड्या वेचत फिरली, अन् वर एका पोरक्या वासराला पाजलं. आपला माळ हा असा कोरडा. वाडवडिलांनी अशाच गाईंची पोरं राखली, म्हणून आज आपल्या दावणीला गुरं आहेत. तुझ्याचा बैल कर. नांगराला तसा पंचक्रोशीत मिळायचा नाही."

शिष्याने माळावरच्या गाईंकडे पाहिले. चार वर्षे त्याने गोऱ्हेच न्याहाळले होते. त्यांच्या आयांकडे भर दुपारी कधी पाहिले नव्हते. मग त्यानेच हळद मागवली आणि त्या मातकट कपाळावर स्वतःच्या हाताने लावली.

शेजारीण पदराने घाम पुसत जवळ आली.

"रुसू नकोस," ती म्हणाली. "दोन-तीन वर्षांत तुझ्या गाईलाही याचंच वासरू होईल. खरवस तेवढा आमच्याकडं पाठव."