कळंबशेतची अनवाणी पुस्तके

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही कळंबशेतच्या फाट्यावर उतरलात, तर एक दृश्य हमखास दिसते. वाचनालयाच्या शालनबाई तालुक्याहून आलेल्या एसटीतून उतरतात, पायांतल्या चपला काढून पिशवीत टाकतात, नव्या पुस्तकांची टोपली धुतलेल्या पंच्याने झाकून डोक्यावर घेतात आणि गावापर्यंतची दीड मैलाची खडीची वाट अनवाणी चालू लागतात. नवख्या माणसाला वाटते, कुठल्या तरी देवीचा नैवेद्य चालला आहे. काहीजण तर हात जोडून मोकळेही होतात. शालनबाई त्यांना अडवत नाहीत. जोडले तर जोडले, त्यात काय बिघडले, असे त्यांचे म्हणणे.

त्या टोपलीतले एकही पुस्तक वाचनालयाने आपल्या मनाने घेतलेले नसते. गावातल्या कुणीतरी ते मागितलेले असते, आणि ज्याने मागितले त्याच्याच दारात ते सर्वांत आधी जाते. दारात शालनबाईंच्या पायांवर तांब्याभर पाणी घालतात. पुस्तकासाठी एवढा सोपस्कार कशाला, असे पाहुण्यांनी विचारले, की भैरोबाचे गुरव ज्ञानूअण्णा देवळाच्या पायरीवर ऐसपैस बसतात, टोपी गुडघ्यावर ठेवतात आणि सांगायला लागतात. त्यांना मध्ये घाई केलेली खपत नाही.

असे सांगतात, की आज सत्तरी ओलांडलेल्यांचे आजोबा तरुण होते, त्या काळी गावात दाजीबा उपळेकर नावाचे मास्तर होते. स्वभावाने तापट, मनाने निर्मळ, आणि आपल्याला जे कळते ते दुसऱ्या कुणाला कळत नाही याची मनोमन खात्री. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी देवळाशेजारची पडीक धर्मशाळा स्वतः झाडली, सारवली आणि तिथे वाचनालय काढले. शहरातून दोन बैलगाड्या भरून तीनशे पुस्तके आणली. तर्कशास्त्र, वेदान्त, व्याकरण, राज्यकारभार, सगळे भारदस्त. प्रत्येक पुस्तक मास्तरांनी स्वतः निवडलेले. कळंबशेतने काय वाचले म्हणजे कळंबशेत सुधारेल, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते.

गाड्या रिकाम्या झाल्या तशी मास्तरांनी वहाणा काढल्या आणि ते भैरोबापुढे उभे राहिले. या तीनशेतले प्रत्येक पुस्तक गावातल्या कुणीतरी वाचल्याशिवाय पायात वहाण घालणार नाही, असा त्यांनी नवस बोलला. भैरोबा कडक देव. त्याच्यापुढे बोललेला शब्द मागे घेता येत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. मास्तरांनी मनाशी वर्षभराचा अंदाज बांधला होता. बघता बघता सहा वर्षे गेली आणि पुस्तके होती तिथेच राहिली.

लोक येत नव्हते असे नाही. येत होते, आणि मागतही होते. कुणाला कुस्तीच्या डावांचे पुस्तक हवे असे, कुणाला शेळ्यांच्या रोगांचे, कुणाला जत्रेत करायला गाण्यांचे नाटक. मास्तर म्हणत, "हे वाचनालय आहे, जत्रेतलं दुकान नव्हे." मग ते तर्कशास्त्राचा ग्रंथ पुढे करीत. आलेला माणूस ग्रंथाला हात लावून तो कपाळाला लावी आणि आपल्या वाटेने जाई.

मागणाऱ्यांत एक अनसाक्का होती. देवळाचे आणि वाचनालयाचे पाणी तीच भरायची. गावाला पाण्याची कायमची ओढ, विहीर टेकडीच्या पलीकडे, त्यामुळे उभा जन्म डोक्यावर घागर घेऊन गेलेला. बावन्नाव्या वर्षी ती मास्तरांच्याच प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकली होती. एकदा माठ भरून झाल्यावर ती दारातच घुटमळली.

"मास्तर, समुद्राचं येखादं पुस्तक हाय का? एवढं पानी एका जागी असतंय म्हनं. ते कसं दिसतंय, रातीचं कुठं जातंय, काय ठावं न्हाई. अक्षरं तेवढी मोठी पायजेत."

"ती लहान मुलांची पुस्तकं, अनसाक्का. वाचनालयात ती ठेवायची नसतात," मास्तर म्हणाले. अनसाक्काने घागर उचलली आणि ती गेली. नाही म्हटल्याचे मास्तरांना काही वाटलेही नाही. संध्याकाळपर्यंत ते विसरून गेले.

अनसाक्का मात्र रोज त्यांचे पाय बघत होती. कळंबशेतची जमीन म्हणजे सगळा मुरूम आणि बाभळीचे काटे. चैत्र-वैशाखात वाट तव्यासारखी तापायची. मास्तरांच्या टाचांना बोटभर भेगा पडलेल्या. वाचनालयाच्या सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठिपके दिसत आणि ते पुसायचे काम तिच्याकडेच असे. एके दिवशी विहिरीवर तिने बायकांपुढे विषय काढला.

"ह्यो मानूस मरंल, पर वहान घालायचा न्हाई. आपन समद्यांनी येक येक पुस्तक घरी न्यायचं. आठ दिस ठिवायचं. लई चांगलं हाय म्हनायचं, आन् परत करायचं."

"आन् वाचायचं कुनी?" एकीने विचारले.

"देव्हाऱ्यात ठिवायचं. हळद-कुंकू वाहायचं. घरात आलं, पुजलं, म्हंजी वाचल्यावानीच की!"

यात काही खोटेपणा आहे असे एकीलाही वाटले नाही, हे विशेष. पोथी घरी आणून पुजली की पुण्य लागते, मग पुस्तकाचे वेगळे कशाला असेल? गावभर निरोप फिरला. पुढच्या सोमवारपासून वाचनालयाला जी रीघ लागली, ती दोन वर्षे हटली नाही. वेदान्त सुताराच्या देव्हाऱ्यात गेला, व्याकरण तेल्याकडे गेले, राज्यकारभाराचे चार खंड पाटलांच्या धाकट्या सुनेने एकदमच नेले. परत करताना जो तो मान डोलावून सांगे, "लई चांगलं हाय बगा, मास्तर." मास्तरांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. अंगावर मूठभर मांस चढले. आपले गाव जागे झाले, या विचाराने त्यांचे डोळे भरून येत. शेवटचे, तीनशेवे पुस्तक अनसाक्काने स्वतः नेले आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी परत आणून दिले. तर्कशास्त्राचा तोच ग्रंथ.

नवस फेडायचा मुहूर्त दसऱ्याला सकाळी ठरला. गावच्या वहाणा शिवणाऱ्या सटवाजीने करकरीत नवा जोड बांधून ठेवला होता. देवळापुढे हलगी वाजू लागली, गाव गोळा झाले. मास्तर आत होते. देवापुढे दोन शब्द बोलावेत आणि अनसाक्काने वाचलेल्या ग्रंथातला एखादा उतारा वाचून दाखवावा, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी ग्रंथ उघडला. पाने सुटेनात.

आता ही गोष्ट आजच्या माणसाला सांगावी लागते. त्या काळी कित्येक पुस्तके छापली, की कागदाच्या घड्या तशाच शिवून टाकत. कडा कापायच्या राहून जात आणि पाने वरच्या बाजूने एकमेकांना जोडलेली असत. वाचणारा हातात चाकू घेऊन बसे, पाने सोडवत पुढे जाई. न सोडवलेले पुस्तक म्हणजे न वाचलेले पुस्तक, त्याला दुसरा अर्थ नाही. मास्तरांनी वेदान्त काढला. जोडलेला. व्याकरण काढले. तेही जोडलेले, वरून हळदीची बोटे मात्र उमटलेली. बाहेर हलगी वाजत होती आणि मास्तर आत एकेक पुस्तक काढत होते. तीनशेतली अकरा सुटी निघाली, आणि ती अकरा त्यांची स्वतःचीच वाचलेली होती.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून हलगी आपोआप थांबली. सटवाजी वहाणा पुढे करायला निघाला होता, तो जागच्या जागी उभा राहिला.

"आठ वर्षं," मास्तर म्हणाले. "आठ वर्षं मी या गावासाठी काटे तुडवले, आणि तुम्ही मला देवापुढे खोटं पाडलंत. आजपासून या दाराला कुलूप."

त्यांनी खरोखरच कडी ओढली. बायकांच्या घोळक्यातून अनसाक्का पुढे आली.

"माझं डोकं ह्ये, मास्तर. शिव्या घालायच्या तर मला घाला. तुमचं पाय बघवत न्हवतं."

"मग वाचायचं होतं!"

"म्या बसले की वाचाया. तुमच्याच पुस्तकाची पैली वळ तीन दिस वाचली. वरच्या वर अक्षर जुळतंय, आत काय शिरत न्हाई." तिने बंद दाराकडे बोट केले. "तुमीच मला अक्षर दिलं, मास्तर. आन् वाचाया मातूर मला येतंय असं कायबी ठिवलं न्हाई."

हे ऐकून, असे सांगतात, मास्तर पायरीवर खाली बसले. रागाने बसले असे लोकांना वाटले, पण राग तेव्हाच निघून गेला होता. आपल्या पायांची दया सगळ्या गावाला आली आणि गावाला काय हवे हे आपण आठ वर्षांत एकदाही मनावर घेतले नाही, याची त्यांना लाज वाटत होती. सगळ्यांदेखत त्यांना रडू आले. मग त्यांनी पंच्याने डोळे पुसले, कडी काढली, आतून पाटी आणि पेन्सिल आणली आणि विचारले, "अनसाक्का, समुद्राचं म्हणाली होतीस ना? आणखी कुणाला काय हवंय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर मावतील तेवढ्या न वाचलेल्या ग्रंथांचे गाठोडे पाठीवर घेऊन बारा कोसांवरच्या शहराला निघाले. नवस फिटला नव्हता, तेव्हा अनवाणीच. गावाने बैलगाडी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. शहरातल्या पुस्तकवाल्याने ग्रंथ उलटसुलट करून पाहिले. वर हळदीची बोटे असली, तरी पाने जोडलेली, म्हणजे पुस्तके कोरीच. त्यांच्या बदल्यात हवी ती पुस्तके द्यायला तो आनंदाने तयार झाला. मास्तरांनी कुस्तीचे घेतले, शेळ्यांचे घेतले, गाण्यांचे नाटक घेतले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "समुद्राचं एक द्या. मोठ्या अक्षरांचं."

"मूल केवढं आहे?"

"बावन्नावं सरून बरेच दिवस झाले," मास्तर म्हणाले. पुस्तकवाल्याला ते कळले नाही, आणि मास्तरांनी सांगितलेही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते परतले ते घरी न जाता थेट अनसाक्काच्या दारात. पाय धुळीने आणि रक्ताने माखलेले. तिने घागरीतले पाणी, डोक्यावरून टेकडीपलीकडून आणलेले, हात आखडता न घेता त्यांच्या पायांवर ओतले. मास्तर उंबऱ्याशी टेकले. तिने विळीच्या टोकाने पहिले पान सोडवले, मांडीवर पुस्तक घेतले आणि अक्षराखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली.

पहिल्याच ओळीत ती अडली. जन्मभर मुलांच्या चुका सुधारलेला माणूस तो. शब्द ओठांवर आला होता, पण मास्तरांनी तोंडावर हात धरला. तिचा शब्द तिलाच सापडू दिला. एक पान व्हायला सावली अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. खालच्या ओळीला भरतीचे पाणी किनाऱ्यावर चढले, तशी ती थांबली आणि तिने वर पाहिले.

"ते आपल्या पायानंच येतंय व्हय, मास्तर? कुनी आनाया लागत न्हाई?"

"नाही," मास्तर म्हणाले. "कुणी आणावं लागत नाही."

तिने हसून पुस्तक मिटले. पुढले पान उद्या, आजच संपवले तर उद्या काय करू, असे म्हणाली.

त्यानंतर मास्तरांनी उरलेले ग्रंथ असेच मागणीप्रमाणे बदलून आणले, आणि पाने सुटी झालेली पाहूनच ते एकेक मोजत गेले. देवाने तीनशेचा आकडा धरला, पुस्तके कोणती ते पाहिले नाही, असे गाव मानते. या सगळ्याला आणखी तीन वर्षे लागली. तीनशेवे पुस्तक वाचून झाले त्या दिवशी सटवाजीने त्यांच्या पायांत वहाणा घातल्या. सवय मोडलेली, त्यामुळे पहिले चार दिवस मास्तर लंगडत होते, असे ज्ञानूअण्णा हमखास सांगतात आणि हसतात. मास्तर गेल्यावर गावाने ठरवले, की मागितलेले पुस्तक मागणाऱ्याच्या दारी अनवाणीच न्यायचे. वाचनालय कुणाचे, हे त्याच्या माणसाने वर्षातून एकदा तरी आठवावे.

आजही पुस्तक पोचवले की शालनबाईंना लगेच उठता येत नाही. घरातल्या माणसाने पहिले पान मोठ्याने वाचायचे आणि बाईंनी उंबऱ्याशी बसून ऐकायचे. वाचणारा अडला तरी शब्द सांगायचा नाही. गेल्या दसऱ्याला सखू धनगरणीने मधमाश्यांचे पुस्तक मागवले होते. नुकतीच अक्षरे जुळवायला शिकलेली. तिचे पान संपेना. वाचनालयाच्या दारात दुसरी माणसे खोळंबली, ज्या शेवटच्या एसटीने बाई तालुक्याला मुलाकडे जाणार होत्या, ती फाट्यावरून निघून गेली, शालनबाईंच्या मुलाचा दोनदा फोन आला. बाईंनी फोन बंद केला आणि पदर सावरून त्या नीट मांडी घालून बसल्या.

"होऊ दे सावकाश," त्या म्हणाल्या. "मी हाय."