आंधळ्या आईची कडी

कोल्हापूरच्या प्रतापरावांचं सगळंच भारी. चित्रपटाचे निर्माते तेच, नायकही तेच, म्हणून त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. नव्या चित्रपटाच्या वाचनाला नारळ फुटला, लेखिका शैला मांगोरेनं पटकथा उघडली आणि पाहते तर काय, भाजीवालीपासून गुंडापर्यंत सगळेच प्रतापरावांसारखे अलंकारिक बोलत होते!

"आम्हीच हात फिरवला," प्रतापराव मिशीला पीळ देत म्हणाले. "आमची भाषा कुणाच्याही तोंडी शोभते. पटत नसेल, तर दुसरा लेखक बघू."

"पटेल की. आधी गोदाक्कांना पटू दे," शैला म्हणाली.

गोदाक्का नायकाच्या आंधळ्या आईचं काम करणार होत्या. कथेत गुंड लेकाचा हुबेहूब आवाज काढून दाराशी येतो, पण बोलण्याच्या ढबीवरून हा आपला लेक नव्हे, हे आई ओळखते. शैलानं गोदाक्कांना डोळे मिटायला सांगितले. "लेक वाटला, तरच कडी काढा." आणि तिनं प्रतापरावांनी बदललेलं वाक्य वाचलं, "माते, तव चरणांच्या दर्शनास हा पुत्र आतुर आहे!"

"आलास माझ्या राजा!" गोदाक्कांनी कडी काढली.

शैलानं बाड मिटलं. "हा गुंड होता, साहेब. आईला त्यानं संपवलं, चित्रपटही संपला."

"आणि आम्ही?"

"तुमची एन्ट्री पुढच्या प्रसंगात होती."

प्रतापरावांनी शैलाची जुनी प्रत ओढली, घसा खाकरला आणि लेकाचं मूळ वाक्य म्हटलं, "आये, भूक लागलीया गं."

"आता कसं!" डोळे न उघडताच गोदाक्का म्हणाल्या.