बाहेरून लावलेला दरवाजा

एका राज्यात, जिथे पोपट न्यायसभेत बसत आणि नद्या वाटसरूंना वाट सांगत, वीरकेतू नावाचा राजा होऊन गेला. शत्रुराजा कालदंष्ट्राच्या अफाट सैन्याला त्याने सात वर्षे रोखून धरले. शेवटच्या लढाईत किल्ल्याचा दरवाजा बंद झाला, बाहेर राहिलेले तीनशे वीर लढता लढता पडले. राज्य वाचले. राजा मात्र कुणाला दिसला नाही.

दहा वर्षांनी कपालभद्र नावाचा मांत्रिक दरबारात आला आणि म्हणाला, "वीरकेतू पळाला. वीरांना बाहेर ठेवून दार लावले आणि चोरवाटेने पळाला. पळपुट्याच्या लेकीला सिंहासन कसले?"

लोकांनी ते ऐकून घेतले, आणि त्या क्षणी राज्याला शाप लागला. तलवारी मेणासारख्या वाकल्या. चौकातल्या राजाच्या मूर्तीने पाठ फिरवली.

राणी शैलजा म्हणाली, "माझ्या पित्याची बाजू कोण मांडेल?"

तुळजा लोहारीण पुढे आली. तिचा नवरा रायाजी त्या तीनशेंत होता. "मी सत्य शोधीन, राणीसाहेब. राजा पळाला असेल, तर सर्वांआधी मीच त्याला शाप देईन."

कपालभद्र हसला. "तीन साक्षी आण. एक पंखांचा, एक बिनजिभेचा, आणि एक राजाचे वाईट चिंतणारा."

तुळजा घण खांद्यावर टाकून निघाली.

सुळक्यावर म्हातारा गरुड बसला होता. त्याच्या पायात बाणाचे पाते रुतले होते. तुळजाने ते सांडशीने उपसले. गरुड म्हणाला, "दरवाजाचा आतला अडसर तुटला होता. राजा दरवाजाकडे धावला. पुढचे धुरात दिसले नाही."

किल्ल्याखालच्या तळ्यात दरवाजाचा साखळदंड पडला होता आणि त्यावर मगर निजली होती. तुळजाने श्वास कोंडून बुडी मारली आणि मगरीने कूस बदलताच साखळदंड ओढून आणला. ऐरणीवर ठेवून घण घातला. लोखंड लोहाराशी खोटे बोलत नाही. ते घणघणले, "मला बाहेरून ओढले. बाहेरून!"

तुळजाने घण खाली ठेवला. मग ओढणारा कोण?

सात डोंगर ओलांडून ती कालदंष्ट्रापुढे उभी राहिली. तो गुरगुरला, "त्याच्यामुळे मी हरलो. त्याच्यासाठी मी का बोलू?"

"नका बोलू, महाराज. जग म्हणते, कालदंष्ट्र एका पळपुट्याकडून हरला."

म्हातारा शत्रू ताडकन उठला. "कोण म्हणतो? घोडा आणा!"

भरदुपारी दरबार भरला. गरुड बोलला, साखळदंड बोलला. मग कालदंष्ट्र म्हणाला, "वीरकेतूने दरवाजा बाहेरून ओढून घेतला आणि माझ्याकडे तोंड केले. त्याच्या पाठीला पाठ लावून एक लोहार घण फिरवीत होता. ते पडले तेव्हा माझे सैन्य निम्मे उरले होते. असा राजा माझ्या मुलखात मी मानाने पुरला. त्याचे तोंड आजही तुमच्या राज्याकडे आहे."

तुळजाने डोळ्यांना पदर लावला. मग ती मांत्रिकाकडे वळली. "आता बोल."

कपालभद्राने तोंड उघडले. शब्दाऐवजी काजळी बाहेर पडली. पडतच राहिली, आणि अखेर तिचा ढीग तेवढा उरला. तलवारी खणखणत सरळ झाल्या. चौकातली मूर्ती वळली. नगारे झडले, बुरुजाबुरुजांवर निशाणे चढली. लोक माना खाली घालून मूर्तीपुढे आले आणि जयजयकार करून माना वर करून गेले.

राणी म्हणाली, "तुळजाबाई, काय हवे ते मागा."

"दरवाजावर नावे कोरायची आहेत, राणीसाहेब. तीनशे एक."

"राजाचे मोठ्या अक्षरात?"

"नाही. सर्वांएवढेच. ते सर्वांसोबत उभे होते."

तुळजाने छिन्नी घेतली. पहिले नाव वीरकेतूचे कोरले, आणि त्याच्या पाठीला लागून रायाजीचे.