टिटवीचा वाटा

गाव मागे पडून जिथे नुसता माळ सुरू होतो, अशा ठिकाणी एक टिटवी राहत असे. दूरवर काही हलले की ती लगेच ओरडायची. तिच्या ओरडण्याने झोपमोड होते म्हणून बाभळीवरचा मोर सारखा कुरकुरायचा. पण मुलांनो, तिच्याच भरवशावर सगळे माळावर निर्धास्त चरत. ससीणसुद्धा आपले पिल्लू गवतात लपवून चरायला जाताना सांगून जाई, "ताई, जरा लक्ष असू दे हं."

एका दुपारी टिटवीला कोल्हा दिसला. अंग चोरत, दबकत तो पिल्लाच्या दिशेने निघाला होता. टिटवीने चोच उघडली आणि पुन्हा मिटली. तिची स्वतःची अंडी तिथेच उघड्यावर, खड्यांमध्ये होती. ओरडले तर कोल्हा इकडे वळेल. शिवाय वर मोर बसलाय ना, तो देईल हाक, अशी तिने मनाची समजूत घातली. मोरानेही कोल्ह्याला पाहिले होते. ओरडणे हे टिटवीचे काम, असे म्हणून त्याने मान पिसांत खुपसली. एक हाक आली असती, तर पिल्लू शेजारच्या काटेरी झुडपात सहज शिरले असते. हाक आली नाही, म्हणून ते बिचारे निवांत बसून राहिले.

थोड्या वेळाने कोल्हा मिशा चाटत टिटवीपाशी आला. मांसाचा एक तुकडा तिच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "हा तुझा वाटा."

"माझा कसला वाटा? मी तर काहीच केलं नाही," टिटवी म्हणाली.

"म्हणूनच तर मला जेवायला मिळालं. आम्ही कुणाचे उपकार ठेवून घेत नाही," कोल्हा म्हणाला आणि निघून गेला.

ससीण परतली. तिने रिकामे गवत पाहिले, मग टिटवीपुढचा तुकडा पाहिला. "ताई, तू आहेस म्हणून मी गेले होते," एवढेच ती बोलली. टिटवीला मान वर करवेना. खरे सांगतो, मला या टिटवीचा फार राग येतो. पण तिची अंडी आठवली की थोडी कीवही येते.

दुसऱ्या दिवशी कोल्हा पुन्हा आला, या वेळी तित्तिराच्या पिल्लांवर डोळा ठेवून. टिटवी अंडी सोडून उठली आणि ओरडत थेट त्याच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. ते ऐकून मोरानेही हाक दिली. बघता बघता पिल्ले झुडपात दिसेनाशी झाली.

कोल्हा वैतागून म्हणाला, "काल तर शहाण्यासारखी गप्प बसली होतीस."

"काल मी तुझ्या कामाला आले होते," टिटवी म्हणाली आणि पुन्हा ओरडू लागली.

कोल्हा उपाशीच परतला. तित्तिरीण पिल्लांना पंखांखाली घेऊन बसली. पलीकडे ससीण मात्र एकटीच चरत होती.

तात्पर्य : डोळ्यांदेखत वाईट घडत असताना जो गप्प बसतो, तो नकळत वाईट करणाऱ्यालाच मदत करत असतो.