मुटकीच्या दारावर ट्रकचं चाक

रस्त्याच्या कडेला होतं एक बीळ. एवढंसं! त्यात राहायची मुटकी उंदरीण. तिला चार पिल्लं.

मुटकी रात्री दाणे शोधायला गेली. पहाटे आली. बघते तो काय? दारावर ट्रकचं चाक! आतून आवाज, "चीं चीं! आई, भूक!"

मुटकी गेली ड्रायव्हरकडे. तुरु तुरु तुरु.
"हणमादादा, चाक हलवा!
चाक हललं तर दार उघडेल,
पिल्लं आत, मी बाहेर!"

हणमादादानं चावी फिरवली. घुर्र घुर्र... फुस्स!
"थंडीत इंजिनाला आधी ऊब लागते. ऊब देतात हीटर प्लग. ते तापेनात. वायर तुटली असेल. मिस्त्रीला आण. आणि थांब! हूं... वायर तूच कुरतडलीस?"
"मी नाही, मी नाही! शेपटीची शप्पथ!"

मुटकी गेली मिस्त्रीकडे. तुरु तुरु तुरु.
"रज्जाकचाचा, चला ना!
मिस्त्री आला तर गाडी तापेल,
गाडी तापली तर चाक हलेल,
चाक हललं तर दार उघडेल,
पिल्लं आत, मी बाहेर!"

मिस्त्री कांबळ्यातून म्हणाला, "चहाशिवाय हात चालत नाहीत. हूं... वायर तूच कुरतडलीस?"
"मी नाही, मी नाही! शेपटीची शप्पथ!"

मुटकी गेली टपरीवर. तुरु तुरु तुरु.
"कौसाकाकू, चहा करा!
चहा झाला तर मिस्त्री येईल,
मिस्त्री आला तर गाडी तापेल,
गाडी तापली तर चाक हलेल,
चाक हललं तर दार उघडेल,
पिल्लं आत, मी बाहेर!"

"दुधाशिवाय कसला चहा? म्हशीला सांग. हूं... वायर तूच कुरतडलीस?"
"मी नाही, मी नाही! शेपटीची शप्पथ!"

मुटकी गेली म्हशीकडे. तुरु तुरु तुरु.
"मोरीताई, दूध दे!
दूध आलं तर चहा होईल,
चहा झाला तर मिस्त्री येईल,
मिस्त्री आला तर गाडी तापेल,
गाडी तापली तर चाक हलेल,
चाक हललं तर दार उघडेल,
पिल्लं आत, मी बाहेर!"

"पेंड नाही, तर दूध नाही. माझं पोतं त्या ट्रकवरच आहे!"

मुटकी ट्रकपाशी परतली. मटकन बसली. पोतं कुरतडावं? मग सगळे म्हणतील, बघा, वायरही हिनंच कुरतडली! पण आतून आवाज, "चीं चीं!"

मुटकी ताठ उभी राहिली. "हणमादादा, म्हशीचं पोतं सोडा!"
"गाठ सुटेना गं. बोटं गारठली."
"मग दोरी मी कुरतडते. तुमच्यासमोर. नीट बघा!"
"हूं! दात आहेत तर!"
"आहेत! पण तुमच्या वायरला लावले नाहीत!"

कुर्र कुर्र कुर्र... तट्! दोरी तुटली.
पेंड सांडली. म्हशीनं खाल्ली.
कौसाकाकूनं धार काढली, छर्र छर्र. चहा उकळला, खदखद.
मिस्त्री प्यायला, सुर्र सुर्र. आणि आला!

त्यानं वायर तपासली. वायर धड. दाताची खूण नाही.
मग हीटर प्लग काढले. एकेक बॅटरीला लावला.
पहिला तापून लाल. दुसरा लाल.
तिसरा काळा. चौथा काळा!
"हे दोन जळालेत," मिस्त्री म्हणाला. "उगाच बिचारीवर आळ घेतला!"

नवे दोन बसवले. चावी फिरवली. प्लग तापू दिले. एक, दोन, तीन, चार, पाच... घुर्र घुर्र, धड धड धड!
चाक हललं. दार उघडलं. पिल्लं टुणकन बाहेर!

"चुकलं गं मुटके," हणमादादा म्हणाला.
"नुसतं चुकलं? पिल्लं उपाशी आहेत!"
हणमादादानं मूठभर पेंड दारात ठेवली. मुटकीनं हुंगली. एकदा. दोनदा. मग म्हणाली, "हं. खा रे!"

पिल्लं जेवली पोटभर, गोष्ट झाली बोटभर!