नाकारलेले पाणी

पूर्वी शूर्पारक बंदरावर एका न्यायी राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व व्यापारी कुळात जन्मले. त्यांचे नाव सुनंद. नंदिसेन आणि भद्रक या दोघांसह त्यांनी भागीदारीत एक गलबत चालवले होते. रोज सकाळी मालकांनी आपल्या हाताने नावाड्यांना पाणी वाढायचे आणि मग स्वतः प्यायचे, अशी त्या गलबतावर रीत होती.

एकदा भर समुद्रात वारा पडला. शिडे लोंबू लागली. रांजणातले पाणी खाली जाताना पाहून नंदिसेनाची पाचावर धारण बसली. तिस्स नावाचा नावाडी तापाने फणफणला होता आणि सारखे पाणी मागत होता. नंदिसेनाने त्याला गलबताच्या काठावरून समुद्रात ढकलले आणि वर ‘तोल जाऊन पडला’ अशी बोंब ठोकली. पण तिस्साचा भाऊ सोण वल्ह्यावरून सारे पाहत होता.

दुसऱ्या सकाळी सुनंदांनी पाण्याचे ओगराळे पुढे केले, तर एकानेही ओंजळ धरली नाही. ओठ कोरडे पडले होते, तरीही.

सोण म्हणाला, “ज्या हातांनी माझ्या भावाला ढकललं, त्या हातांचं पाणी नको.”

“मी तिथं नव्हतो,” म्हणत सुनंदांनी नंदिसेनाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली.

“धनी, गलबत तर तुमचंच ना?”

भद्रकाने सुनंदांना बाजूला ओढले. “दादा, झाकली मूठ सव्वा लाखाची. पडला म्हणून सांग. खरं कबूल केलंस तर आपण तिघंही समुद्रात जाऊ.”

सुनंदांना भीती वाटत होती. फार वाटत होती. ते लपवण्यात काय अर्थ? बोधिसत्त्व झाले तरी देहाला कापरे भरतेच.

ते नावाड्यांसमोर उभे राहिले. “तिस्स पडला नाही. नंदिसेनानं त्याला ढकललं. तो आमच्यातला, म्हणून हे पाप आम्हा मालकांचं. आजपासून तो मालक नाही. त्याचा वाटा तिस्साच्या बायकोचा.”

“त्यालाही फेका,” म्हणत नावाडी उठले. सुनंद नंदिसेनाच्या पुढे सरले.

“एक जीव आमच्या हातून गेला. दुसरा तुमच्या हातून जायला नको. फेकायचंच तर आधी मला फेका.”

पाण्याचे ओगराळे त्यांनी तसेच पुढे धरले. सोण जवळ आला. तो काय करणार, हे कोणालाच कळेना.

“याला माझ्या भावाच्या वल्ह्यावर बसवा,” तो म्हणाला. “आणि बंदरात उतरलो की काय केलं ते यानं वहिनीला स्वतःच्या तोंडानं सांगायचं.” मग त्याने ओंजळ धरली.

सगळे पाणी प्याले, वल्ही चालू झाली. किनारा दिसताच सगळ्यांच्या जिवात जीव आला. नंदिसेन मात्र वल्ह्यावर डोके टेकून रडू लागला. धक्क्यावर एक बाई नवऱ्याची वाट पाहत उभी होती.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, “भिक्खूंनो, त्या जन्मीचा नंदिसेन म्हणजे देवदत्त, भद्रक म्हणजे आनंद, सोण म्हणजे सारिपुत्त, आणि सुनंद मीच होतो. आपल्या माणसाचे पाप जिवाच्या भीतीतही झाकले नाही, हीच त्या जन्मीची सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा.”