भसाड्याचा पंजा

त्या राज्यात मोठ्याने ओरडायला बंदी होती. हसायचं ते पोटातल्या पोटात, रडायचं तेही तसंच. कुणाचा आवाज चढला की राजाचे तरस त्या आवाजाच्या मागावर निघत, आणि ओरडणारा पुन्हा कुणाला दिसत नसे.

तरीही नदीपलीकडच्या घळीत एक म्हातारा कोल्हा गात असे. नाव भसाड्या, आणि आवाजही तसाच. सुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण ऐकणाऱ्याला वाटे, आपल्याच पोटातलं कुणीतरी बाहेर काढतंय. त्याच्या पुढच्या पंजाचं कडेचं बोट सापळ्यात गेलं होतं. गाणं शिकून जो निघे, त्याच्या छातीवर तो हाच पंजा गेरूत बुडवून उमटवी. पंजा घेणाऱ्यावर बंधन एकच. कुणावर तरस आले आणि त्याने गाण्याची पहिली ओळ घेतली, तर आपण असू तिथून दुसरी ओळ उचलायची. मग आवाज चहूबाजूंनी येई, आणि तरस गरगर फिरून हात हलवत परत जात.

साळिंदरांची साळू अशीच वाचली होती. तेव्हापासून भसाड्या तिला बापाच्या जागी होता.

एकदा बाजारातल्या रंगोबा वानराने तिच्या छातीवरचा पंजा पाहिला. "काय झकास दिसतं गं हे!" म्हणाला. गाण्याचं त्याला काही पडलं नव्हतं. दिसला तसा पंजा त्याने लाकडावर कोरला. कोरलेलं उलटं उमटतं, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही, आणि तुटकं बोट या कडेचं त्या कडेला गेलं. कुणाच्या बापाला कळणार होतं? ठशापुढे रांगा लागल्या. सशांनी घेतला, हरणांनी घेतला, कासवाने पाठीवर मारून घेतला. राणीसाहेबांनी एकदा मिरवला, मग तर विचारूच नका.

साळू हरखून गेली. "बाबा, सगळं राज्य आपलं झालं," ती भसाड्याला म्हणाली. "आता कसली भीती? बाजारात चला, तुमचा पंजा बघा तरी."

म्हाताऱ्याला मोह झाला. कुणाला झाला नसता?

चौकात शिरताच एका मोराने साळूकडे बघून नाक मुरडलं. "अगं, तुझा उलटाय की! कुठून आणलास असला?" साळू कसनुसं हसली. भसाड्याला मात्र काही ऐकू येत नव्हतं. जिकडे बघावं तिकडे त्याचाच पंजा. त्याचा ऊर भरून आला, आणि भर चौकात त्याने पहिली ओळ घेतली.

कुणीच दुसरी उचलली नाही. "शी! काय हा आवाज!" म्हणत एका सशाने कान दाबून घेतले. त्याच्या छातीवरचा गेरू अजून ओला होता.

तरस सरळ चालत आले. शोधायचं काही नव्हतंच. भसाड्याने पुन्हा पहिली ओळ घेतली, आता जिवाच्या आकांताने. साळूने दुसरी उचलली. एकटीने. एका तरसाची मान तिच्याकडे वळली. भसाड्याने ते पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आपणहून गप्प झाला. साळूच्या घशातली पुढची ओळ घशातच राहिली.

"अरे, हा पंजा ह्यांचाच आहे!" ती रडवेली होऊन शेजारच्या हरणाला, कासवाला, मोराला सांगू लागली. "ह्यांचाच आहे रे, बघा तरी!"

थोरल्या तरसाने ते ऐकलं. त्याच्याही छातीवर ठसा होता, ताजा. त्याने कोल्ह्याचा पुढचा पाय उचलला आणि आपल्या छातीवर नीट टेकवून पाहिला. तुटक्या बोटाची जागा जुळेना.

"नकली आहे," तो म्हणाला.

सगळा चौक हसला. नियमाप्रमाणे, पोटातल्या पोटात. आवाज काही झाला नाही, नुसते शेकडो छात्यांवरचे पंजे हलले.